हळदीच्या शेडमधली अमेरिकन मोटार

मित्रांनो, कुरुंद्याच्या शिवारात, पत्र्याच्या शेडमध्ये लांब नाकाची जी मोटार उभी आहे, ती मी. माझा जन्म अमेरिकेतला. तिकडे तेव्हा मोठी मंदी होती. कारखाने बंद पडत होते, तरी मला चामड्याची गादी आणि चांदीसारखे दिवे मिळाले. निजामाच्या काळात एका जहागीरदाराने मला इकडे आणले. पुढे जहागीर गेली आणि मी संतराम नावाच्या शेतकऱ्याकडे आले.

त्याने खाली दगड रचून माझे मागचे चाक अधांतरी केले, त्याला पट्टा लावला आणि हळद पॉलिश करायचा ढोल फिरवला. लोक हसून म्हणत, "संतरामची मोटार जागेवरच पळती!" मग विजेची मोटर आली. माझा पट्टा सुटला. संतरामही गेला.

यंदा दसऱ्याआधी त्याचा मुलगा विश्वंभर रतनसिंगला घेऊन आला. रतनसिंग जुन्या गाड्या जमवतो. माझ्याच घडणीची एक गाडी त्याच्याकडे आहे, पण तिचे इंजिन फुटलेले.

"इंजिन पाहिजे. बाकीचं कापून भंगारात द्या," तो म्हणाला.

सोबतच्या कारागिराने गॅसकटर पेटवला. निळी जीभ भसकन बाहेर आली. पळावे म्हटले, तर माझ्या टायरांत हवा नव्हती.

विश्वंभरची आई गोजरबाई धावत आली. "काहून कापून राहिले रे तिला?"

"माय, तू मधी बोलू नको."

"थांबा, आधी इंजिन फिरतं का बघू," रतनसिंग म्हणाला. त्याने हँडल घातले. ते हलेना. झाकण उघडले, तर आत डिंकासारखा पिवळा थर. "यात काय ओतलं?"

"करडीचं तेल," गोजरबाई म्हणाली. "दर खंडेनवमीला म्याच ओतते. साऱ्या अवजारांची पूजा होती, मग हिलाच उपाशी ठेवू का?"

"मावशी, इंजिन मारलं तुमी!" त्याने कपाळावर हात मारला. इंजिनच कामाचे नाही म्हटल्यावर कारागिराने कटर विझवला.

गोजरबाई मटकन खाली बसली आणि माझ्या मडगार्डवरून हात फिरवत रडू लागली. तिच्या चुकीनेच मी वाचले, हे तिला कोण सांगणार?

जाताना रतनसिंग जीपमध्ये बसत म्हणाला, "दिवाळीनंतर येतो. दिवे तरी नेतो."

तेव्हापासून बाहेर जीप थांबली, की माझ्या काचा थरथरतात. दिवे गेले, तर दारात कोण आले हेही मला कळणार नाही. मित्रांनो, जुन्या यंत्राला काही पाजण्याआधी जाणत्याला विचारा. आणि त्याच्याजवळ याल, तेव्हा हातात काय आहे, ते आधी त्याला दिसू द्या.