किलोभर गुरुत्वाकर्षण

सोयाबीनचे वीस कट्टे घरच्या तागडीवर पन्नास-पन्नास किलोचे मोजून उत्तरेश्वर तालुक्याच्या गावी, वाशीला गेला. रणधीरच्या आडतीत इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रत्येक कट्टा एकोणपन्नासच भरला.

"किलो कुठं गेला?" त्यानं विचारलं.

रणधीरनं मोबाइलवरून नजरही काढली नाही. "तात्या, काटा दिल्लीत तपासलेला हाय. तिथं गुरुत्वाकर्षण जास्त, आपल्याकडं कमी. म्हणून वजन कमी दावतो. सायन्स हाय ते, तुमाला न्हाय कळायचं."

चार माणसं हसली. उत्तरेश्वर मान खाली घालून कट्ट्यांसकट घरी परतला आणि लेकीला विचारलं, "खरं हाय का गं?"

दीपमाला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. रणधीर तिच्याच हाताखाली बारावीला दोनदा नापास झालेला. "खरं हाय, अण्णा," ती म्हणाली. "दोन वर्षांत त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं, आणि तेबी लोकांना फसवायला."

दुसऱ्या दिवशी दोघं कट्टे घेऊन पुन्हा आडतीत गेले. दीपमालानं टेम्पोतून सरकारी शिक्क्याची दहा किलोची पाच लोखंडी वजनं उतरवून काट्यावर मांडली. आकडा आला एकोणपन्नास.

"बघा मॅडम, गुरुत्वाकर्षण..." रणधीर सुरू झाला.

"दिल्ली आणि वाशीच्या फरकानं पन्नास किलोत चाळीसेक ग्रॅम जातात," ती मोठ्यानं म्हणाली. "उत्तर ध्रुवावर तपासलेला काटा विषुववृत्तावर नेलास तरी पाव किलोच्या आसपास. तुझा अख्खा किलो जातो. असली जागा पृथ्वीवर न्हाय रणधीर, फक्त तुझ्या दुकानात हाय."

रणधीर काट्याच्या वायरशी चाळा करू लागला. "मशीन बिघडली असंल."

"बिघडली, का बिघडवली?" उत्तरेश्वर आज पहिल्यांदाच बोलला. "आणि काटा कमी दावतो हे तुला ठावं होतं, तर तेवढा किलो वर का न्हाय धरलास? एवढ्याला सायन्स लागत न्हाय."

आता कुणी हसलं नाही. रांगेतला मल्लेश आपले कट्टे परत टेम्पोत टाकू लागला. त्याच्यामागून आणखी दोघं उठले.

"बसा की तात्या, चहा सांगतो," रणधीर म्हणाला.

उत्तरेश्वरनं त्याच्याकडं अंगणात घाण करून गेलेल्या कुत्र्याकडं बघावं तसं बघितलं आणि टेम्पोवाल्याला समोरच्या आडतीकडं वळायला सांगितलं.