खिळ्यांना टांगलेले पाइप

पान्याचा दुसरा फटका मिस्तरीच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला गॅरेजच्या स्टोअरच्या खिडकीतून ऐकू आला. मारणारा टॅक्सीवाल्याचा थोरला भाऊ होता. धाकटा सकाळी उतारावर गाडीसकट भिंतीवर आदळून मेला. ब्रेक लागलेच नाहीत. चारच दिवसांपूर्वी मिस्तरीने त्या गाडीला नवा ब्रेकपाइप बसवला होता.

“नीट आवळला नाहीस! माझा भाऊ खाल्लास तू!”

“दादा, आईशप्पथ, आवळला होता हो!” मिस्तरीच्या तोंडातून रक्त आणि शब्द एकदमच बाहेर पडले.

सगळे बघे. त्यात मीही. पाइप मीच काढून दिला होता, पण सीलबंद पाकिटातला, कोरा करकरीत! एकवीस वर्षं स्टोअर सांभाळतोय, झोपेतही हवा तो पार्ट काढून देईन. रबराला ओल लागू नये म्हणून पाकिटं वर, पत्र्याखालच्या खिळ्यांना टांगायची, ही माझ्या उस्तादांची शिकवण. तिच्यावर शंका घ्यायची माझी काय बिशाद!

तरीही हात वर गेला. त्याच खिळ्यावर सहा वर्षं लटकलेलं एक पाकीट फाडलं, पाइप दुमडला. वाळक्या शेंगेसारखा तडकून तुटला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तेच.

त्याच खेपेतलं एक पाकीट फळीमागे ओलसर कोपऱ्यात पडलं होतं. वरून बुरशी आलेली, म्हणून मी ते फेकणारच होतो. आतला पाइप दुमडला, पिळला, दातांनी चावून पाहिला. मऊ होता, शाबूत होता. रबर ओलीने नाही, तापलेल्या पत्र्याने खाल्लं होतं.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? मोह झाला, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात बाहेर मिस्तरी पुन्हा किंचाळला.

तडकलेले पाइप मुठीत धरून मी धावलो.

“सोड त्याला! त्याचं काम चोख होतं. पाइपच सडका होता, आणि तो मी दिला.”

पाना माझ्या खांद्यावर बसला, मग बरगड्यांवर. पुढचे फटके मी मोजले नाहीत. थांबले तेव्हा मिस्तरी मोडका हात पोटाशी धरून माझ्याकडे बघत होता.

“काका,” तो म्हणाला, “जरा आधी आला असतात तर?”

थोरल्याने पाना टाकला आणि तिथेच मातीत फतकल मारली. माझ्या हातातून पडलेला पाइप उचलून तो त्याचे दोन तुकडे एकमेकांना जुळवत बसला.