सुईणीची जागा

नाकं मुरडू नका, मित्रांनो! मी एक जुनी सर्व्हिस मोटार, म्हणजे गावोगावची बस आहे. धूर ओकते, चढावर कण्हते आणि पाठीवर कोळशाची भट्टी वागवते. दिसायला मी ध्यान आहे, कबूल. पण हुबळी-कलघटगी रस्त्यावरून मला कुणी हटवून दाखवावं!

माझं इंजिन बोटीनं परदेशातून आलं. अंग मात्र इथलंच. नागोजी सुतारानं ते अळणावरच्या जंगलातल्या सागवानाचं बांधलं. माझे मालक विठ्ठलराव. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि ते स्वतःच मला चालवत. सकाळी हुबळीच्या बाजारातून, दुर्गदबैलातून निघायचं, गावोगाव थांबत कलघटगी गाठायची, संध्याकाळी परत. टपावर भाजीच्या पाट्या, आत माणसं आणि कोंबड्या.

अण्णांचा एक नियम होता. त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी. ती गोदाक्काची, म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या सुईणीची. कुठल्या गावात बाई अडली की तिथला माणूस मला हात करून निरोप देई. गोदाक्काच्या गावाशी मी तीनदा भोंगा वाजवला की ती कमरेला बटवा खोचून धावत येई. मग मी तिला घेऊन तिकडं जाई. उलटं वळावं लागलं तरी आतलं कुणी कुरकुरत नसे. आपल्याही घरी पोरीबाळी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढं हुबळीच्याच लॅमिंग्टन रोडवर एका कंपनीनं मोटारी विकायचं दुकान थाटलं. वकिलांनी, व्यापाऱ्यांनी गाड्या घेतल्या. घ्या बापडे, माझं काय जातंय? पण कंपनीचं पोट तेवढ्यानं भरेना. सर्व्हिस मोटार दारावरून जाते तोवर लोक घरची गाडी घेतील कशाला, टॅक्सी करतील कशाला? म्हणून मलाच बंद पाडायचं ठरलं. कंपनीचे एजंट मुकुंदराव. त्यांनी माझ्याच रस्त्यावर माझ्यापुढं एक चकचकीत नवी सर्व्हिस मोटार उभी केली. भाडं नाही, वर प्रत्येकाला विडा!

आणि मित्रांनो, माझीच माणसं तिच्यात चढली. रानात लाकडं जाळून कोळसा पाडणारा तुकारामसुद्धा! त्याची बायको राधा तेव्हा पोटुशी होती. "अण्णा, फुकट हाय की! आजच्या दिवस," असं म्हणून तो लाल तोंडानं हसला. तो आजचा दिवस चार महिने चालला. मी रिकामी धावून धावून थकले, तेव्हा अण्णांनी मला छपरीत उभं केलं. त्याच आठवड्यात कंपनीनं आपली मोटारही काढून घेतली. आता टॅक्सी करा, गाडी विकत घ्या, नाहीतर चाला!

राधा अडली त्या दिवशी गोदाक्का सात मैल चालत गेली आणि उशिरा पोचली. राधा वाचली, मूल गेलं. आणि मी छपरीत धडधाकट उभी होते! त्या दिवशी मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही. जाऊही नये.

मग दुसरी मोठी लढाई लागली. पेट्रोल कूपनावर आलं, वकिलांच्या गाड्या विटांवर चढल्या, टॅक्सी बसून राहिल्या. अण्णांनी मला पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर चालवायला पाठीवर भट्टी बसवली. कोळशाचं पहिलं पोतं तुकाराम घेऊन आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"भर की लेका, बघतोस काय?" अण्णा म्हणाले.

दोन वर्षांनी राधा पुन्हा अडली. मी तीनदा भोंगा वाजवला आणि गोदाक्काला घेऊन तशीच मागं वळले. अंबूचं पहिलं रडणं मी रस्त्यावर उभ्यानं ऐकलं.

लढाई संपली, पेट्रोल पुन्हा मिळू लागलं. गेल्या सोमवारी दुर्गदबैलात बघते तर काय, मुकुंदराव पुन्हा हजर! तशीच नवी मोटार, तसंच विड्यांचं ताट. गोदाक्का माझ्यात बसली होती. अण्णा तिला हळूच म्हणाले, "अक्का, या खेपेला ही बंद पडली तर पुन्हा उभी करायला माझ्यात जीव नाही."

तेवढ्यात तुकाराम आला. मागं राधा, तिच्या कडेवर अंबू. बाजारातले लोक थबकून बघू लागले.

"या तुकाराम, विडा घ्या. भाडं इल्ला, फुकट!" मुकुंदरावांनी ताट पुढं केलं.

"नको, साहेब. मागच्या विड्याचा रंग अजून तोंडावरनं गेला न्हाई."

तो माझ्यात चढला. मग राधा चढली. मग पाट्या, कोंबड्या, आख्खा बाजार चढला. माझ्या फळ्या करकरल्या. करकरू देत!

"अरे वेड्यांनो, फुकट आहे!" मुकुंदराव ओरडले.

गोदाक्कानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "फुकट? राधेला विचारा."

मित्रांनो, मी म्हातारी आहे. कधीतरी माझे तुकडे होतील, त्याचं मला भय नाही. पण उद्या तुमच्याही दारात एखादी चकचकीत मोटार विड्याचं ताट घेऊन येईल. ताटाला हात लावण्याआधी तिच्या आत डोकावून बघा. पुढची जागा कुणासाठी रिकामी ठेवली आहे का?