कापलेली कड

मेळ्याच्या दारात माझी पिशवी एका राक्षसाने तपासली. डोक्यावर शिंगं, तोंडाला निळा रंग, वागणं मात्र बँकेतल्या कारकुनापेक्षा सभ्य. पिशवीत दोघांना पुरेल असा डबा, पाण्याची बाटली आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. कोण बनून आलात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बाइंडर. तो हसला आणि त्याने मला आत सोडलं.

खरं तर मी थट्टा करत नव्हतो. अठ्ठावीस वर्षं मी पुस्तकं बांधतोय. चित्रकथांच्या मेळ्यात हिंडायचं माझं वय नाही, आणि हौस तर मुळीच नाही. मी पोराला शोधायला आलो होतो.

आमचे चिरंजीव वय वर्षं तेवीस, घरातलं नाव खारू. लहानपणापासून जे मिळेल ते साठवून ठेवायची सवय, म्हणून खारू. मोठेपणी त्याने एकच गोष्ट साठवली, ‘मुका टपाल्या’ नावाच्या चित्रकथेचे अंक. राखाडी कोट घातलेला, तोंडच नसलेला एक टपालवाला लोकांची न टाकलेली पत्रं पोचवतो, अशी काहीतरी ती भानगड. एकूण अठ्ठेचाळीस अंक निघाले आणि बंद पडले. खारूकडे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस होते. दुकानात माझ्या हाताखाली काम करता करता तो रद्दी कागदांवर त्या टपाल्याची चित्रं काढायचा, आणि माझं डोकं फिरायचं.

गेल्या वर्षी त्याला या मेळ्याला यायचं होतं. मी त्याला शाळेच्या हजेरीपटांचे गठ्ठे पोचवायला पाठवलं. आल्यावर त्याने तोंड पाडलं, तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, “तुझी ती रद्दी एक दिवस कटरखाली घालीन, म्हणजे सुटशील.” तो कामाला लागला. आठ दिवसांनी सकाळी दुकान उघडलं तर माझ्या टेबलावर एक खोकं होतं. त्यात अठ्ठेचाळीस अंक, क्रमाने लावलेले, पिनांची पाठ वर करून ठेवलेले. खारू नव्हता. त्याचे दोन कपडे नव्हते, आणि फोन बंद होता.

पोलिसांनी सज्ञान आहे, स्वतःहून गेलाय, एवढं लिहून घेतलं. आम्ही नवरा-बायकोने त्या रात्री एकेक अंक उलटा धरून झटकला, एखादी चिठ्ठी पडेल म्हणून. पानन् पान चाळलं. हिने तर जाहिरातीसुद्धा वाचल्या. काही नव्हतं. एक ओळ लिहून ठेवायची अक्कल नाही का त्याला, असं मी ओरडलो, आणि मग बसून रडलो. ते हिने पाहिलं नाही.

तीन महिने खोकं तसंच पडून होतं. मग एक दिवस माझ्या डोक्यात आलं की माझ्या टेबलावर लोक जे काही ठेवतात ते बांधायलाच ठेवतात. पोराने जाताना मला काम देऊन ठेवलंय. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं होतं आणि मी ते खोकं पायाने सरकवत होतो. मी दुसरी सगळी कामं बाजूला सारली. अंकांच्या पिना काढल्या. कागद मध्येच कधी बदलला असेल, त्यामुळे आकार सारखे नव्हते. सगळ्यांत लहान अंकापेक्षाही थोडं कमी माप धरलं आणि तीन-चार, तीन-चार करत सगळे कटरखाली घातले. कडांना शाईचे ठिपके, फराटे होते. या पोराचे हात कधी स्वच्छ असतील तर शपथ, असं पुटपुटत मी पाव इंच कड काढून टाकली. नंतर दोऱ्याची शिलाई, कातडी पाठ, सोनेरी अक्षरं. पाठीसमोरची उघडती कड अशी झाली की बोट फिरवावं आणि पान कुठे सुरू होतं, कुठे संपतं ते कळू नये. इतकं चांगलं काम मी कुणासाठी केलेलं नाही. कापलेल्या पट्ट्या नेहमीच्या पोत्यात गेल्या, आणि पोतं लगद्याच्या कारखान्यात.

टपाल्याचा चित्रकार यंदा मेळ्यात स्वतः बसणार, ही बातमी हिने वाचली. खारू जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी येईल, असं ती म्हणाली. डबा भरताना तिने मला बजावलं, “दिसला तर रागावू नका. काही विचारू नका. आधी जेवला का, एवढंच विचारा.”

आत गेलो आणि दाराशीच थांबलो. विमानं ठेवायच्या छपराएवढं सभागृह, आणि त्यात माणसासारखा माणूस एक नाही. पंख, शेपट्या, पुठ्ठ्याच्या तलवारी. सगळ्यांत वाईट म्हणजे राखाडी कोट. जिकडे पाहावं तिकडे मुका टपाल्या, तोंड नसलेला कागदी मुखवटा लावून, खांद्याला झोळी अडकवून फिरतोय. शंभर असतील, दोनशे असतील. खारू उजवा पाय किंचित बाहेर टाकून चालतो, हे मी मनात घोकून आलो होतो. पण भाड्याच्या बुटांत सगळेच वाकडे चालत होते.

मग मी ठरवलं, आपण शोधायचं नाही, आपण दिसायचं. चादर काढली आणि पुस्तक छातीशी धरलं, उघडती कड बाहेर करून. पाठ तर कुणीही सोनेरी करतं, बाइंडरचा हात कडेत दिसतो. खारूला हे मीच शिकवलं होतं. तो बघेल, ओळखेल आणि येईल. तीन तास मी तसा फिरलो. मिरवलो म्हटलं तरी चालेल.

दुपारी एका टपाल्याने मला थांबवलं. थांबवलं म्हणजे तो समोर येऊन उभा राहिला. टपाल्याच्या वेशातली माणसं दिवसभर बोलत नाहीत, हा त्यांचा नियम आहे, हे एव्हाना मला समजलं होतं. तो पुस्तकाकडे बघत राहिला. मी म्हटलं, हाताने शिवलंय. त्याने बोट पुढे केलं आणि कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग पुन्हा एकदा, सावकाश. मला बरं वाटलं. एवढ्या गर्दीत कामाची कदर असलेलं एक माणूस भेटलं. मी पुस्तक त्याच्याकडे आणखी वळवलं आणि म्हटलं, “बघा, एक ठिपका राहू दिला नाही मी.” त्याने मान हलवली, हात कोटाच्या खिशात घातला आणि गर्दीत गेला. मी डबा उघडणार होतो, पण खारू आल्यावर उघडू म्हणून राहू दिला.

शेवटी मी चित्रकाराच्या रांगेत उभा राहिलो. सगळे टपाले कधी ना कधी तिथे येणारच, हा हिशेब. माझ्यापुढे हिरव्या केसांची एक मुलगी होती. एरवी औषधांच्या दुकानात काम करते म्हणाली. तिच्या हातात सुट्या अंकांचा गठ्ठा होता, फितीने घट्ट बांधलेला. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तसाच गठ्ठा होता. बांधून घेता आला नाही का, असं मी तिला जरा तोऱ्यातच विचारलं. ती म्हणाली, बांधला तर कड कशी वाचणार.

कसली कड, मी विचारलं.

तिने गठ्ठा आडवा करून माझ्यापुढे धरला. अठ्ठेचाळीस अंक दाबून बसवलेले, आणि त्यांच्या उघडत्या कडेवर बारीक अक्षरांत चार ओळी लिहिलेल्या. पानांवर नव्हे, पानांच्या कडांवर. तिने फीत सैल करून वरचे तीन अंक उचलून दाखवले. त्यांच्या कडेला नुसते ठिपके आणि फराटे होते.

तिने समजावून सांगितलं, औषध कधी घ्यायचं ते सांगतात तशा शांतपणे. शेवटच्या अंकात टपाल्याला स्वतःला काहीतरी सांगायचं असतं, पण तोंड नाही. मग तो झोळीतली सगळी पत्रं एकावर एक लावतो आणि त्यांच्या कडांवर आपलं पत्र लिहितो. तेव्हापासून वाचक तसंच करतात. घरात ज्याच्याशी बोलता येत नाही, त्याच्यासाठी गठ्ठ्याच्या कडेवर लिहायचं आणि गठ्ठा त्याच्या पुढ्यात ठेवायचा. तोंडाने अवाक्षर काढायचं नाही. अंक सुटे चाळले तर काही सापडत नाही, क्रमाने लावून दाबून धरले तरच वाचता येतं. तिने आईला लिहिलं होतं. गठ्ठा चार महिने आईच्या उशाशी होता, मग एक दिवस आईने वाचला. चित्रकार आज त्या कडांवर उत्तर म्हणून एक छोटं चित्र काढून देणार होता.

“तुमचा कुणी ठेवला होता, काका?” तिने विचारलं, आणि माझं पुस्तक हातात घेऊन वळवलं. मग कोऱ्या कडेकडे बघत तिने ते मला परत दिलं.

मी विचारलं, “समजा कुणी ते न वाचता कापून टाकलं, तर तुमच्यात त्याचा काय अर्थ होतो?”

“न वाचता कोण कापेल, काका?” ती म्हणाली. “वाचूनच कापतात.”

माझ्यापुढे दोनच जण उरले होते. मी रांग सोडली.

आता हे सांगायला सोपं वाटतं, पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते बोट होतं. वरून खाली, आणि पुन्हा एकदा सावकाश. कामाची कदर कसली, डोंबल. तो काहीतरी शोधत होता. आणि मी त्याला म्हटलं होतं, एक ठिपका राहू दिला नाही. कटरखाली घालीन म्हणालो होतो, घातलं, कातड्यात बांधलं, वर सोनेरी अक्षरं काढली आणि दाखवत हिंडलो.

तो खारू होता की नव्हता, मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मी धावलो. एका टपाल्याचा दंड धरून मुखवटा वर केला तर आत माझ्या वयाच्या एक बाई निघाल्या. त्यांची माफी मागितली. माहिती कक्षात गेलो. तिथला माणूस म्हणाला, घोषणा फक्त दहा वर्षांखालच्या मुलांसाठी करतात. मग माझं तोंड बघून त्याने केली. टपाल्याच्या वेशातल्या मुलाचे वडील इथे वाट पाहत आहेत, असं तो ध्वनिक्षेपकावर म्हणाला.

आणि ते आले. एक आला, दोन आले, बघता बघता चौदा टपाले माझ्यापुढे रांगेत उभे राहिले. त्यांना हा खेळातलाच एक प्रवेश वाटला. माझ्या जवळ येऊन एकेकाने वाकून मुखवटा वर केला. हसरी, घामेजलेली, दुसऱ्यांची मुलं. मी प्रत्येकाचा चेहरा नीट पाहिला. चौदावा बघून झाल्यावर मी पंधराव्यासाठी थांबलो. पंधरावा आला नाही.

त्या हिरव्या केसांच्या मुलीने मला शोधून काढलं होतं. तिच्याकडून जाड पेन मागून घेतलं, पुस्तक गुडघ्यांत दाबलं आणि त्या पांढऱ्याशुभ्र कडेवर लिहिलं, ‘मी वाचलं नाही.’ इतक्या गुळगुळीत कडेवर शाई लवकर धरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग बाहेर पडायच्या दाराशी पुस्तक उंच धरून उभा राहिलो.

माणसं बाहेर पडत राहिली. काहींनी फोटो काढले. एक पंखवाला जाता जाता म्हणाला, मग वाचा की आजोबा, घाई कुठे आहे. राखाडी कोट गेले, दहा-दहाच्या घोळक्याने, काही एकटे. कुणी थांबलं नाही. सहाला दारं बंद करायला तो सकाळचा राक्षस आला. शिंगं काढून त्याने काखेत धरली होती, तोंडाचा निळा रंग ओघळला होता. आत कुणी उरलंय का, असं मी विचारलं. झाडणारे तेवढे आहेत, तो म्हणाला, आणि माझी पिशवी उचलून त्याने माझ्या हातात दिली. डब्यामुळे ती अजून जड होती.

फूटपाथवर आलो तोच हिचा फोन. ती दिवसभर फोनशेजारी बसली असणार. तिने दुसरं काही विचारलं नाही, दिसला का, एवढंच विचारलं.

“दिसला,” मी म्हटलं.

मग तिने विचारलं, “जेवला होता का?”

विचारायचं राहिलं, मी म्हटलं.