चार डिस्क आणि एकशे त्रेसष्ट लग्नं

कुरियरवाल्याने खोकं अंगणात ठेवलं तेव्हा राइना चुलीवर लाल मिरच्या भाजत होती. तिने धुरातूनच नवऱ्याला विचारलं, "आता काय मागवलंस आणखी?"

"चार डिस्क आणि त्या बसवायचा डबा," वेल्को म्हणाला. "रेड म्हणतात त्याला. एक डिस्क गेली तरी बाकीच्या सांभाळून घेतात."

"आणि आधीच्या दोन काय करतात? पत्ते खेळतात?"

वेल्को खोकं उचलून आत घेऊन गेला. चाळीस वर्षांच्या संसारात तो एवढं तरी शिकला होता.

त्याचं वय एकाहत्तर. या कोपऱ्यातल्या तीन गावांत पहिला व्हिडिओ कॅमेरा त्याचा आला, आणि १९८९ ते २०११ या काळात त्याने एकशे त्रेसष्ट लग्नं चित्रित केली. तेव्हा प्रत्येक जोडप्याला एकेक कॅसेट मिळालीच होती. पण पुढे लोक कामासाठी स्पेनला, इटलीला, जर्मनीला गेले आणि त्यांच्या कॅसेटी माळ्यावर भिजल्या, उंदरांनी कुरतडल्या, कुणाच्या सासूने फेकून दिल्या. वेल्कोच्या कॅसेटींनाही तळघरात बुरशी लागायला लागली, तेव्हा मात्र तो हातपाय गाळून बसला नाही. दोन हिवाळे खपून त्याने सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि कुजलेल्या कॅसेटी जाळून टाकल्या. तीन गावांची लग्नं आता त्याच्या एका खोलीत होती आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

या गोष्टीचा त्याला अभिमान होता. आणि अभिमानाच्या खाली दुसरंही काही होतं, ते तो कुणाला सांगत नसे.

ऑगस्टमध्ये परदेशी गेलेली माणसं पंधरा दिवसांसाठी गावी येत आणि पहिल्या आठवड्यातच वेल्कोचं फाटक वाजवत. "काका, आमचं लग्न लावा ना." मग राइनाचं टेबल भरे, राकियाची, घरी गाळलेल्या दारूची, बाटली उघडे, कुणी कॉफी आणलेली असे, कुणी डुकराची अख्खी मांडी. लोक स्वतःला पंचवीस वर्षांचं बघून हसत, आणि मागे नाचणारे, आता हयात नसलेले आईबाप दिसले की नाक पुसत. कुणी कॉपी मागितली की वेल्को म्हणे, "कशाला? इथे आहे ना. या की पुढच्या वर्षी." बाकीचे अकरा महिने गावात जेमतेम चाळीस माणसं, आणि त्यांना एकमेकांना सांगायला नवीन काही उरलेलं नव्हतं.

नवा डबा जोडायचा कसा हे विचारायला त्याने पुतण्याला फोन लावला. रोसेन वार्ना शहरात असल्याच कॉम्प्युटरच्या कामात होता.

"काका, घरच्या कॉम्प्युटरला चार डिस्कची रेड? बँक काढताय की काय?"

"थट्टा पुरे. दोन डिस्क तूच जोडून दिल्या होत्यास ना गेल्या वर्षी? त्या भरत आल्या. जूनमध्ये जागाच उरली नाही, शेवटी एका डिस्कवरचं सत्त्याण्णव साल पुसलं आणि तिथे दोन हजार तीनची लग्नं नीट करून टाकली."

"काका, पुसलं म्हणजे?"

"अरे, एकीवरचं. दुसरीवर आहे की."

"काका," रोसेन सावकाश म्हणाला, "ते आरशासारखं आहे हो. तुम्ही इकडे मिशी कापलीत की आरशातल्याचीही गेली. एक डिस्क बिघडली तर दुसरी चालू राहावी, एवढ्याचसाठी ती जोडी. तुम्ही जे पुसाल ते दोघी पुसतात, त्याच क्षणी. जरा बघता का?"

वेल्कोने बघितलं. सत्त्याण्णव नव्हतं. त्या वर्षीची नऊच्या नऊ लग्नं गेली होती, आणि त्यांच्या जागेवर तो स्वतःच्या हाताने दुसरं काही टाकून बसला होता. रोसेन म्हणाला, ते आता परत येणार नाही.

"मग हा चार डिस्कचा डबा..."

"चौघी मिळून विसरतील. तुम्हाला डबा नको, काका. चार डिस्क चार घरांत हव्यात. एक मला पाठवा, बाकी लोकांना वाटून टाका."

"वाटणार नाही," वेल्को म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

राइना दारात उभी राहून ऐकत होती. हात पुसत ती म्हणाली, "न द्यायला झालंय काय? सगळ्यांच्या घरी गेलं की आपलं फाटक कुणी वाजवणार नाही, हीच भीती ना?"

"तुझ्या मिरच्या करपतायत," तो म्हणाला.

ऑगस्टच्या तिसऱ्या दिवशी फाटक वाजलं. झिवका आली होती, गाइदा, म्हणजे कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य, वाजवणाऱ्या त्सानोची मुलगी. इटलीत, बेर्गामोला, ती म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. त्सानो गेल्या शरदात गेला, आणि तिला मातीलाही पोचता आलं नव्हतं. तिचं लग्न सत्त्याण्णवचं.

वेल्को मागच्या दाराने द्राक्षमळ्यात पळाला. दुसऱ्या दिवशीही पळाला. तिसऱ्या दिवशी राइनाने मागच्या दाराला कुलूप घातलं. "एकाहत्तरचा झालास. जा, सांग तिला. मी तुझ्यासाठी आणखी खोटं बोलणार नाही."

झिवका टेबलाशी बसली होती. "काका, नवऱ्याचं तोंड बघायला नाही आले हं मी. तो केव्हाच दुसरीकडे नांदतोय. बाबा दुसऱ्यांच्या लग्नात कायम वाजवायचे, नाचायचे नाहीत. माझ्या लग्नात तेवढं वाद्य खाली ठेवून माझ्याबरोबर नाचले. ते बघायचंय."

"ते नाही," वेल्को म्हणाला. "मी पुसलं. चुकून नाही गं, शहाणपणा करून पुसलं."

"सगळं?"

"सगळं."

झिवकाने हातातला पेला खाली ठेवला. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती रडली, खाली मान घालून, बराच वेळ, आणि वेल्को समोर बसून राहिला. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

तोंड उघडलं ते राइनानेच. "त्सानो तीन गावांत वाजवायचा. बाकीची एकशे चोपन्न लग्नं काय त्याच्याशिवाय झाली?"

तीन दिवस ते तिघे पडद्यासमोर बसले. त्सानो एक्केचाळीस लग्नांत सापडला. गाल फुगवून वाजवताना, वाद्याची पिशवी काखेत धरून नवरदेवाच्या मामाशी भांडताना, पावसात ताडपत्रीखाली. एका लग्नात सगळे हातात हात धरून गोल होरो नाचत होते आणि तो कोपऱ्यात बूट काढून अंगठ्यावरचं कुरूप दाबत केक खात होता. झिवका इतकी हसली की तिला ठसका लागला. "हे कुरूप! देवा, दर रविवारी घरभर त्याचीच चर्चा!" वाजवणारा त्सानो सगळीकडे होता. नाचणारा कुठेच सापडला नाही, आणि ते तिघांनाही कळत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "काका, हे मला देता?"

वेल्कोने राइनाकडे बघितलं. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"दिलं तर पुढच्या वर्षी तू कशाला येशील?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं, आणि ऐकताना त्याला स्वतःलाच ते केविलवाणं वाटलं.

झिवकाने खोटं सांगितलं नाही. "पुढच्या वर्षी मी येणारच नाहीये, काका. घर विकलं. राहायला जागा नाही, बाबा नाहीत. तुम्ही दिलंत काय आणि न दिलंत काय."

तो उठून अंगणात गेला. तिच्या आधी कितीजणांना आपण 'या की पुढच्या वर्षी' म्हणालो आणि त्यातले किती पुन्हा आले, ते तो आठवू लागला. मग आत येऊन त्याने खोकं फोडलं.

"एक्केचाळीस नाही," तो म्हणाला, "सगळी घेऊन जा. तुझ्या बापाने तिन्ही गावं नाचवली, त्या गावांना सोडून तो एकटा कुठे जाणार?"

कॉपी व्हायला दोन दिवस गेले. एक डिस्क झिवकाच्या बॅगेत गेली, एक रोसेनला वार्नाला, एक गावच्या वाचनालयात. चौथी कॉम्प्युटरपासून दूर, राइनाच्या कपाटात चादरींच्या घडीत. रेडचा डबा रिकामाच राहिला. वेल्कोने रोसेनला फोन करून सांगितलं, "तुझंच बरोबर. गरज नव्हती." रोसेनला हे दोनदा ऐकायचं होतं, पण काका दोनदा म्हणाले नाहीत.

मग ऑगस्ट संपला. गाड्या गेल्या, फाटकं बंद झाली. वेल्को गप्प गप्प झाला. राइनाने त्याला टोमणे मारणंही थांबवलं, आणि ते फार वाईट लक्षण होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी फोन वाजला.

"काका, झिवका! अहो, माझ्या खोलीत अकराजण बसलेत. सगळे आपल्याकडचे. सदुसष्ट नंबरचं लग्न लावलंय. नवरीच्या डावीकडे निळ्या रुमालवाली कोण हो? इथे मारामारी व्हायची वेळ आलीय."

"ती होय? एलका. गिरणीवाल्याची धाकटी. आणि तिच्या मागे लपलाय तो तिचा नवरा नाही, बरं का."

पलीकडे एकच हशा पिकला. फोन हातोहात फिरू लागला. हा कोण, ती कुणाची, तो टोपीवाला अजून आहे का. वेल्को तासभर उभ्यानेच बोलत होता. राइनाने खुर्ची आणून त्याच्यामागे ठेवली.

शेवटी फोन परत झिवकाकडे आला. तिचा आवाज जरा हळू झाला. "काका, लग्नं आता चार ठिकाणी आहेत. पण ही नावं? ती तुमच्याशिवाय कुणाकडे आहेत?"

वेल्कोने राइनाकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"कुणाकडेच नाहीत," तो म्हणाला.

"मग मी वही घेऊन बसते. दर रविवारी एक लग्न सांगायचं, पहिल्यापासून."

"अगं, एकशे चोपन्न आहेत. तीन वर्षं लागतील."

"मग तीन वर्षं कुठे जायचं नाही, काका."

वेल्को खुर्चीत बसला. मग त्याने १९८९च्या पहिल्या लग्नातल्या नवरीच्या आजीपासून सांगायला सुरुवात केली.