होताईचा नकार

धाकट्या भावाने लहानपणी चिडवायला ठेवलेलं नाव तिला जन्माचं चिकटलं. कुणी काहीही सांगितलं की ही आधी ‘हो’ म्हणायची आणि मग काय सांगितलं ते विचारायची, म्हणून होताई. पुढे हे नाव खरं करून दाखवण्यातच तिची वर्षं गेली.

औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात ती रंग जुळवायची. यंत्रातून निघालेला ताजा कागद दिव्याखाली धरायचा, मंजूर नमुन्याशेजारी ठेवायचा आणि सांगायचं, निळा अंगावर येतोय, जरा उतरवा. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मालकांनी हळूहळू तिच्या गळ्यात आणखी कामं अडकवली होती. गिऱ्हाइकांच्या बैठका, नव्या माणसांच्या मुलाखती, रजेवर गेलेल्यांची पाळी, इतकंच काय, मालकीणबाईंच्या चित्रप्रदर्शनाची पत्रिकासुद्धा. राहत्या इमारतीची चिटणीस तीच, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. भावाच्या मुलीचे शाळेचे प्रकल्प तिच्याकडे, भावजयीच्या आईला डॉक्टरकडे नेणं तिच्याकडे. लग्न तिने केलं नव्हतं, त्यामुळे तिचा वेळ म्हणजे सार्वजनिक नळ असा सगळ्यांचा समज. येईल त्याने तोटी फिरवावी आणि बादली भरून न्यावी. वर पुन्हा, “तुला काय गं, एकटा जीव.”

तसा तो एकटाही नव्हता. घरात आप्पा होते, तिचे वडील. त्यांचा उभा जन्म शाळेत खेळ शिकवण्यात आणि फुटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून शिट्टी फुंकण्यात गेला होता. आता गुडघे कुरकुरत होते आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

त्या दिवशी दुपारी आप्पांच्या डोळ्याची तपासणी होती. तिने त्यांना दवाखान्याच्या बाकावर नेऊन बसवलं. डोळ्यांत थेंब घालणार, मग बराच वेळ धूसर दिसणार, तेव्हा मी येईपर्यंत हलायचं नाही असं बजावलं आणि ती निघाली. मालकांचे दोन फोन येऊन गेले होते. कारखान्यात गेली तर लाल रंग वीटकरी दिसत होता, तो जागेवर आणला. तिथून निघते तोच इमारतीच्या प्लंबरचा फोन, टाकी वाहतेय, कुणीतरी बघायला हवं. टाकी बघताना भावाचा फोन. मुलीच्या नाटकाचे कपडे शिंप्याकडून आणायचेत, दुकान बंद व्हायच्या आत. ती म्हणाली, हो. कपडे पोचवले, घरी आली, चप्पल काढायच्या आधी चहाचं आधण ठेवलं. दोन कप भरले.

“आप्पा, चहा झाला हं.”

उत्तर आलं नाही. डोळा लागला असेल म्हणून ती खोलीत डोकावली. पलंगावरची चादर तिने सकाळी घातली होती तशीच सरळ होती. क्षणभर तिला काही कळेना, आणि कळलं तेव्हा किल्ली उचलून ती जिन्याकडे धावली.

दवाखान्याचं शटर अर्धं खाली आलं होतं. आत दिवे मालवलेले. आप्पा बाकावर काळा चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते, आणि काउंटरवरची बाई पर्स खांद्याला अडकवून त्यांच्यासाठी थांबली होती.

“आलीस?” पावलांवरून ओळखून आप्पा म्हणाले. “सामना जादा वेळेत गेला बघ.”

ते हसले. ती नाही हसली.

“तुम्ही फोन का नाही केला?” तिने त्या बाईला विचारलं. आवाज नको तितका चढला होता.

“मी म्हटलं त्यांना, नंबर द्या, लावते,” ती बाई म्हणाली. “पण ते म्हणाले, नको, ती कामात असते.”

गाडीत आप्पांनी एकदा तिच्या हातावर हात ठेवला आणि तिला वाटलं, यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आधी तिला स्वतःचा राग आला. पण घर जवळ आलं तसं तिच्या ध्यानात आलं, की त्या दुपारी ती दुसरं काहीच विसरली नव्हती. मालकांचा लाल, प्लंबरची टाकी, शिंप्याचं दुकान, सगळं जिथल्या तिथे झालं होतं. जे हाका मारत होते त्यांची कामं झाली. जो गप्प बसला, तो बाकावर राहिला. मग मात्र तिचा राग फिरला, आणि फिरला तो चांगलाच फिरला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कारखान्याचा नवा विभाग सुरू व्हायचा होता आणि तो तिने सांभाळावा असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. खुर्ची मोठी, खोली स्वतंत्र. “तुमच्याशिवाय आहे कोण?” ते म्हणाले.

“मी नाही घेणार,” ती म्हणाली.

मालकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “विचार करून सांगा. घाई नाही.”

“विचार झालाय. आणि बसलेच आहे तर बाकीचंही सांगते. रंग मी बघेन, तो माझा धर्म आहे. बैठका, मुलाखती, दुसऱ्याच्या पाळ्या, वहिनींची पत्रिका, यातलं काही नाही. पाळी संपली की मी घरी. नंतर फोन घेणार नाही.”

“मॅडम, असं एकदम हात वर करून कसं चालेल?”

“एकदम कुठे? इतकी वर्षं हात खालीच होते. त्यात एकेक ओझं ठेवत गेलात तुम्ही, आणि मी ठेवू दिलं. आता ठेवू देत नाही.”

मालकांचा चेहरा पडला. “मग मला दुसऱ्या कुणाचा तरी विचार करावा लागेल.”

“करा,” ती म्हणाली आणि यंत्रावर गेली. कागद दिव्याखाली धरला आणि डोळ्याने हिरव्यातला पिवळटपणा बरोबर पकडला.

इमारतीच्या चिटणीसपदाचा निकाल तिने जिन्यातच लावला. दप्तर अध्यक्षांच्या हातात दिलं आणि ते तोंड उघडायच्या आत वर चढून गेली. पुढे टाकी दोनदा वाहिली, लोक तिच्या दाराकडे बघत कुजबुजले, आणि शेवटी तळमजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांना असा शोध लागला, की आपल्यालाही प्लंबरला फोन लावता येतो.

खरी लढाई घरात होती. रविवारी भाऊ आणि भावजय आले. भावाला बायकोबरोबर आठवडाभर फिरायला जायचं होतं. मुलगी इथे राहील, आणि सासूबाईंना तपासणीला होताई नेईलच, हे त्याने चहा पिता पिता सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

“मुलगी राहू दे, ती मला आवडते,” होताई म्हणाली. “सासूबाईंचं तुम्ही बघा. आणि इथून पुढे दर मंगळवारी आप्पांचं तू बघायचं. डॉक्टर असो, औषध असो, फिरणं असो. मंगळवार तुझा.”

“मंगळवारी मला ऑफिस असतं.”

“मलाही असतं.”

“तुझं वेगळं आहे गं. आम्हाला संसार आहे.”

“आणि मला काय आहे?”

भावाने कप खाली ठेवला. “हे बघ, त्या दिवशी आप्पांना विसरलीस तू. त्याचं खापर आमच्या डोक्यावर कशाला?”

भावजयीने नवऱ्याचं कोपर दाबलं, पण शब्द सुटला होता. होताईला वाटलं, आता आपल्याला रडू येणार. आलं नाही.

“विसरले,” ती म्हणाली. “कबूल आहे. तुझ्या मुलीचे कपडे लक्षात होते म्हणून बाप विसरले. आता काहीतरी विसरायचंच असेल, तर काय विसरायचं ते मी ठरवणार.”

“मग यांना आता नाहीताई म्हणायचं का?” वातावरण हलकं करायला भावजय म्हणाली.

“काय वाटेल ते म्हणा. मंगळवार तेवढा लक्षात ठेवा.”

भाऊ न जेवता गेला. पुढचा मंगळवार कोरडा गेला, तिने फोन केला नाही. त्यानंतरच्या मंगळवारी तो फुगलेल्या तोंडाने दारात उभा राहिला आणि “आप्पा, चला,” एवढंच म्हणाला.

एवढं सगळं झाल्यावर होताईच्या हाताशी वेळ उरला, आणि तो तिने आप्पांच्या अंगावर ओतला. घड्याळ लावून डोळ्यांत थेंब. मीठ कमी. पेपर वाचून दाखवायचा, फिरायला न्यायचं, उठले की “काय हवंय?” आणि बसले की “काही दुखतंय का?” आप्पांनी थोडे दिवस सोसलं. मग एका संध्याकाळी त्यांनी तिच्या हातातून पेपर काढून घेतला.

“पोरी, मला आता दिसतं. माझ्यावर ही पहाऱ्याची ड्यूटी कुणी लावली तुला?”

“मी ठरवलंय, आधी तुम्ही. बाकी सगळं नंतर.”

“म्हणजे ओझं तेच, फक्त हमाली आता माझ्यासाठी. मला नको तो मान. अगं, मैदानात कुठे धावायचं ते ठरवणाऱ्याला आधी स्वतःला उभं राहायला जागा लागते. तुझी जागा कुठली? तुला काय हवंय?”

इतर सगळ्यांना काय हवंय ते तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कुणाला कोणता रंग, कुणाला कितीची वेळ, कुणाला चहात साखर किती. स्वतःच्या बाबतीत मात्र पाटी कोरी. तिला लाज वाटली, आणि मग पुन्हा तो राग आला, आता जरा ओळखीचा झालेला.

दोन-तीन दिवस ती गॅलरीत नुसती बसली. कंटाळा आला तरी उठली नाही. खालच्या रस्त्याने शाळेतली मुलं सायकली दामटत जात होती, त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत येऊन म्हणाली, “आप्पा, मला सायकल येत नाही.”

“तुला?” आप्पा चकित झाले. “अख्ख्या शाळेला शिकवली मी. तुझ्या भावाला शिकवली.”

“तेव्हा आई आजारी होती. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. तुम्ही विचारलंत, थांबशील का? मी हो म्हणाले.”

आप्पांनी काठी उचलली. “चल,” ते म्हणाले.

भाचीची जुनी सायकल घेऊन ती रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊ लागली. केसांत पांढरं आलेली बाई, सलवारीला कपड्यांचे चिमटे लावलेले, तोंडाने पुटपुटत हँडलशी झटापट करतेय, हा तमाशा बघायला मुलं जमायची. ती पडली की मुलं हसायची. ती पहिल्यांदा पडली तेव्हा आजूबाजूला चोरून बघत उठली. नंतर नुसती उठायला लागली. गुडघे फुटले, कोपर सोललं, कारखान्यात लोकांनी विचारलं तर तिने खरं ते सांगून टाकलं. “या वयात?” एकजण म्हणाला. “मग कोणत्या?” तिने विचारलं.

आप्पा कडेच्या बाकावर बसून ओरडायचे, “खाली नको बघू, समोर बघ.” तिची पिशवी त्यांच्या शेजारी असायची आणि पिशवीत फोन वाजत असायचा. आप्पा त्याच्याकडे कानाडोळा करायचे.

एका संध्याकाळी सायकल पहिल्यांदा तिच्या मर्जीने चालली. मैदानाच्या कडेकडेने, हेलकावे खात का होईना, पण चालली. ती अर्ध्या मैदानात पोचली असेल, तेवढ्यात फाटकातून मालक आत आले. हातात छापील कागदाची गुंडाळी, कपाळाला घाम. नव्या विभागात ज्याला बसवलं होतं त्याला रंग साधत नव्हता, आणि गिऱ्हाईक अडून बसलं होतं.

“मॅडम, एक मिनिट,” त्यांनी हाक मारली. “नुसती नजर टाका.” त्यांनी कागद उलगडून समोर धरला.

ती त्यांच्या समोरून गेली. कागदावरचा जांभळा मेलेला होता, ते तिला जाता जाताही दिसलं. सवयीने शब्द ओठांपर्यंत आला, आणि तिने तो परत पाठवला.

“उद्या पाळीच्या वेळी या,” ती म्हणाली. “दिव्याखाली बघू.”

“अहो, थांबा तरी.”

“थांबता येत नाही मला अजून,” पुढे जात ती मान न वळवता म्हणाली, आणि ते खरंच होतं. ब्रेकचा धडा राहिला होता.

मालक कागद धरून उभेच राहिले. पाठीमागून आप्पांचा आवाज आला, त्यांना बाकावर बसून घ्यायला सांगणारा. तिने हँडल घट्ट धरलं, समोर बघितलं आणि दुसरी फेरी घेतली.