घटपर्णीचा फुलोरा

चिंतामणरावांनी खोलीचं दार जेमतेम उघडलं आणि अमोल आत येताच घाईनं लावून घेतलं. बाहेर पंचवटीत वैशाखाचं ऊन रणरणत होतं. आत अंगावर काटा यावा असा गारवा. एसीची घरघर, विरळ धुकं आणि कुंड्यांतून लोंबणारे, किडे गिळणाऱ्या घटपर्णीचे तांबूस घट.

"बसा," चिंतामणराव म्हणाले. बसायला तिथं काहीच नव्हतं.

अमोल त्यांच्या मुलीला, यशश्रीला मागणी घालायला आला होता, तेव्हा त्यांनी त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं होतं. चांदवडचं कांदा पिकवणारं घर त्यांच्या भिक्षुकाच्या घराला चालण्यासारखं नव्हतं. यशश्री भांडली नाही. फक्त आपल्या झाडांच्या या खोलीतच जास्त राहू लागली. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं ती गेली. दवाखान्यात तिनं एकच मागितलं होतं, "बाबा, मोठ्या झाडाला फुलोरा आला तर अमोलला फोन कराल?"

परवा तुरा उमलला. चिंतामणराव दिवसभर फोनशेजारी बसून होते. संध्याकाळी त्यांनी नंबर लावला.

अमोल वाकून तुरा पाहत राहिला.

"मादी आहे," तो म्हणाला. "फुलल्याशिवाय कळत नाही. तिला हेच बघायचं होतं. दोघांनी एकदमच रोपं घेतली होती. माझं नर निघालं, गेल्या महिन्यात."

त्यानं थर्मासमधून बटर पेपरची पुडी काढली. फ्रिजमध्ये जपून ठेवलेले पिवळे पराग. ब्रश लागताच तुरा डुलायला लागला, तसं चिंतामणरावांनी पुढं होऊन तुऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला. एकेका फुलावरून ब्रश फिरला.

"बी धरेल?"

"धरेल बहुतेक. पिकायला दिवाळी उजाडेल."

ब्रश पुसून झाला, तरी अमोल तो पुसतच राहिला.

"काका, माझं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात."

चिंतामणरावांचे हात दांड्यावरून सुटले. त्यांनी विचारलं, "मुलगी चांगली आहे?"

"चांगली आहे. तिला सगळं सांगितलंय मी. काही म्हणाली नाही. पण ते झाड समोर आलं, की तिचा चेहरा उतरतो. कोणाला तरी देऊन टाकावं म्हणतोय. पण त्याला लागते तशी गार खोली कोणाकडे असणार?"

चिंतामणरावांनी मोठ्या झाडाशेजारच्या फळीवरच्या दोन लहान कुंड्या उचलून कडेला सरकवल्या. रिकामी झालेली जागा उपरण्याच्या टोकानं पुसली, पाण्याचा डाग राहिला होता तो पुन्हा पुसला.

"इथं आणून ठेव तुझं," ते त्याच्याकडे न बघता म्हणाले. "तिच्या शेजारी."